स्कॅन वाचून पाहिल्याशिवाय मूळ कागद टाकू नये

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

जुने कागद मोबाइलने स्कॅन करायचे, एखाद्या नोट्सच्या अ‍ॅपमध्ये ठेवायचे आणि मूळ कागद रद्दीत घालून कपाट मोकळे करायचे, हा क्रम आता इतका अंगवळणी पडला आहे की त्यात दोन वेगवेगळी कामे आहेत याचाच विसर पडतो. कागदाची प्रतिमा घेणे हे एक काम आणि कागद नष्ट करणे हे दुसरे. या दोहोंच्या मध्ये आणखी एक काम आहे: घेतलेली प्रतिमा मूळ कागदाशेजारी ठेवून शांतपणे वाचून पाहणे. बहुतेक जण नेमके तेच गाळतात. मीही ते गाळले, आणि त्यात जे गेले ते आता कोणत्याही उपायाने परत येणार नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी अनेक वर्षे भौतिकशास्त्र शिकवले. त्या काळात टिपणांच्या अकरा वह्या झाल्या होत्या. मुख्य मजकूर निळ्या शाईत होता आणि समासात पेन्सिलीने लिहिलेल्या बारीक नोंदी होत्या. शाईतला मजकूर कोणत्याही चांगल्या पाठ्यपुस्तकात सापडेल, पण समासातल्या नोंदी वर्गातून आलेल्या होत्या. ‘विभवांतर आणि प्रवाह यांत इथे हमखास गल्लत होते, आधी पाण्याच्या दोन टाक्यांचे उदाहरण द्यावे’, ‘हे गणित शेवटच्या तासाला घेऊ नये’, ‘बाणाची दिशा फळ्यावर काढण्याआधी मुलांना विचारावी’ अशा त्या नोंदी होत्या. निवृत्तीनंतर मी दोन दुपारींत आठ वह्या स्कॅन केल्या. अ‍ॅपने पाने पांढरीशुभ्र आणि अक्षरे काळीभोर करून दाखवली, वहीपेक्षाही ती स्वच्छ दिसली, आणि त्याच समाधानात मी त्या आठ वह्या रद्दीत दिल्या. काही महिन्यांनी नव्याने शिकवू लागलेल्या एका मुलीने विद्युतधारेच्या प्रकरणावरची माझी टिपणे मागितली. मी अ‍ॅप उघडले तेव्हा शाईतला मजकूर जसाच्या तसा होता आणि समास कोरे होते. एक पान नाही, दोन पाने नाहीत, आठही वह्यांचे समास कोरे होते.

असे का झाले हे मी नंतर समजून घेतले. स्कॅन करणारे अ‍ॅप केवळ छायाचित्र काढून थांबत नाही. ते आधी कागदाच्या चार कडा शोधते, तिरके आलेले पान सरळ करते, सावली काढून टाकते आणि शेवटी बहुधा एक फिल्टर लावते. कृष्णधवल फिल्टरमध्ये पानावरच्या प्रत्येक बिंदूचा एकच निवाडा होतो: विशिष्ट मर्यादेपेक्षा गडद असेल तर काळा, फिकट असेल तर पांढरा. छापील मजकुराला हे उत्तम मानवते, कारण तिथे शाई आणि कागद यांच्यात मोठे अंतर असते. पण पेन्सिलीची रेघ, पुसट झालेला शिक्का, पिवळ्या पडलेल्या कागदावरची विटलेली सही, कार्बन प्रतीवरची अक्षरे हे सारे त्या मर्यादेच्या काठावर असते. मर्यादा थोडी इकडे सरकली तर ते टिकते आणि थोडी तिकडे सरकली तर नाहीसे होते. स्वच्छ दिसणाऱ्या पानावर काय नाही हे पाहणाऱ्याला कळण्याचा काही मार्ग नसतो, कारण पुसले गेल्याची खूणही मागे उरत नाही.

याहून बारीक एक गोष्ट मराठी वाचकांनी विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. पानावरचे धुळीचे ठिपके आणि डाग काढण्यासाठी काही अ‍ॅप सुटे, लहान ठिपके मजकुरातून वगळतात. आपल्या लिपीत सुटा, लहान ठिपका म्हणजे अनुस्वार. ‘मंद’चा ‘मद’ होतो, ‘संत’चा ‘सत’ होतो आणि ‘रंग’चा ‘रग’ होतो, आणि यांतला प्रत्येक शब्द स्वतंत्रपणे खरा असल्याने चटकन खटकतही नाही. दशांशचिन्हाचेही तेच. माझ्या एका उदाहरणातला १.५ व्होल्टचा घट स्कॅनमध्ये १५ व्होल्टचा झालेला मी पाहिला. भौतिकशास्त्र येणाऱ्याला ती चूक सहज उमगेल. पण तोच ठिपका औषधाच्या मात्रेतून किंवा हिशेबाच्या आकड्यातून गेला, तर तो कोणाच्या लक्षात येणार?

हे केवळ मोबाइलच्या अ‍ॅपपुरते आहे असेही नाही. २०१३ साली डेव्हिड क्रिझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाच्या लक्षात आले की एका बांधकामाच्या नकाशात वेगवेगळ्या खोल्यांची क्षेत्रफळे १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर अशी असताना, स्कॅन केलेल्या प्रतीत तिन्ही खोल्यांवर १४.१३ हाच आकडा आला होता. यंत्र झेरॉक्स कंपनीचे होते. कारण शोधताना असे आढळले की फाइलचा आकार लहान करण्यासाठी ते यंत्र जेबिग-२ नावाची पद्धत वापरत होते. तीत पानावरचे सारखे दिसणारे तुकडे एकदाच साठवले जातात आणि बाकीच्या ठिकाणी तोच तुकडा चिकटवला जातो. ‘सारखे’ ठरवण्यात यंत्राची चूक झाली की ६ च्या जागी ८ येतो, तोही अस्पष्ट नव्हे, तर ठसठशीत आणि सुबक. कंपनीने पुढे दुरुस्तीचे सॉफ्टवेअर दिले. माझ्या दृष्टीने या घटनेतली सर्वांत महत्त्वाची बाब अशी की जुन्या छायाप्रतीत चुकलेले अक्षर पुसट दिसायचे आणि पुसटपणामुळे आपण सावध व्हायचो. स्कॅनमधली चूक तशी दिसत नाही, ती खऱ्या अक्षराइतकीच नीटनेटकी असते. म्हणून नुसते पाहून भागत नाही, मूळ कागदाशी ताडून वाचावेच लागते.

स्पष्टतेबद्दल थोडे सांगते, कारण त्यात फारसे अवघड काही नाही. मजकुराच्या स्कॅनसाठी इंचाला ३०० बिंदू हे प्रमाण सर्वसाधारणपणे पुरेसे मानले जाते. ए-४ कागदाचे त्या प्रमाणात २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख बिंदू होतात. मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा, म्हणजे सुमारे १ कोटी २० लाख बिंदूंचा कॅमेरा पान चौकटीत पूर्ण बसवले तर या प्रमाणाच्या थोडा वरच जातो. पण आपण उभ्याने, दुरून, अर्धे टेबल चौकटीत घेऊन छायाचित्र काढतो आणि प्रमाण निम्म्यावर येते. अर्ध्या मिलिमीटरचा अनुस्वार ३०० च्या प्रमाणात सहा बिंदू रुंद असतो, तर १५० च्या प्रमाणात तो तीनच बिंदूंचा उरतो, आणि मग धुळीचा कण कोणता व अनुस्वार कोणता हे यंत्राने कसे ओळखावे? पान गडद, एकरंगी पृष्ठभागावर सपाट ठेवावे, उजेड बाजूने घ्यावा, मोबाइल पानाला समांतर धरावा आणि पान चौकटीच्या कडांपर्यंत भरू द्यावे. फिल्टर मात्र न लावता रंगीत मूळ छायाचित्रच जतन करावे. ते फाइल म्हणून जड होते हे खरे, पण त्यातून स्वच्छ कृष्णधवल प्रत केव्हाही काढता येते. उलटा प्रवास करता येत नाही.

आता शोधाबद्दल. स्कॅन करण्यामागे बहुतेकांच्या मनात अशी अपेक्षा असते की एक शब्द टाइप केला की हवा तो कागद समोर येईल. हे काम ओसीआर, म्हणजे प्रतिमेतली अक्षरे ओळखणारे तंत्र करते. टेसरॅक्ट हे त्यातले एक प्रसिद्ध सॉफ्टवेअर. ते ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत १९८५ ते १९९४ या काळात घडले, २००५ मध्ये सर्वांसाठी खुले झाले आणि २०१८ च्या आवृत्तीपासून न्यूरल नेटवर्कच्या, म्हणजे असंख्य नमुन्यांवरून शिकणाऱ्या पद्धतीने ओळी वाचू लागले. त्याला मराठीही येते. छापील, स्पष्ट मराठी मजकूर अशी साधने आज बऱ्यापैकी वाचतात, हे मी आनंदाने मान्य करते. पण देवनागरीची अडचण रोमन लिपीहून वेगळी आहे. शिरोरेषेने शब्दातली सारी अक्षरे एकमेकांना जोडलेली असतात, मात्रा वर, उकार खाली, वेलांटी कधी आधी तर कधी नंतर, आणि ‘ष्ट्य’ किंवा ‘र्‍हा’सारखी जोडाक्षरे वेगळ्याच आकाराची. हाताने लिहिताना तर प्रत्येकाची शिरोरेषा वेगळी, काहींची मुळीच नाही. माझे हस्ताक्षर मुलांना फळ्यावर वर्षानुवर्षे सहज वाचता आले, पण अ‍ॅपला माझ्या वहीच्या एका पानातले जेमतेम पाच-सहा शब्द नीट ओळखता आले. काही अ‍ॅप मराठीसाठी ओसीआर देतच नाहीत, आणि तसे कुठेही ठळकपणे सांगत नाहीत. शोधपट्टी असते, आपण शब्द टाकतो, काही सापडत नाही आणि कागद आपल्याकडे नसावा असे वाटून आपण शोध सोडून देतो.

यावरचा उपाय साधा आहे आणि तो यंत्रावर अवलंबून नाही. प्रत्येक स्कॅनला स्वतः टाइप केलेली एक ओळ जोडावी. कागद कशाचा, कोणाचा, केव्हाचा आणि आपल्याला तो पुढे कोणत्या शब्दाने आठवेल, एवढेच त्यात हवे. शब्द लिहिताना त्याची प्रचलित रूपे दोन्ही द्यावीत, कारण अ‍ॅपचा शोध सहसा अक्षर अन् अक्षर जुळवून चालतो. ‘हिशेब’ लिहून ठेवले आणि ‘हिशोब’ शोधले तर पदरी काही पडत नाही. तारीखही आपणच लिहायला हवी. अ‍ॅप स्कॅन केल्याचा दिवस नोंदवते, कागदाचा नव्हे, त्यामुळे तीस वर्षांच्या अंतराने लिहिलेले दोन कागद अ‍ॅपमध्ये एकाच दुपारचे ठरतात. शीर्षकाच्या सुरुवातीला आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असे आकडे लिहिले की यादी आपोआप काळाच्या क्रमाने लागते. शंभर पानांसाठी एक ओळ लिहून चालणार नाही, हेही अनुभवाने सांगते. मी ‘वही ३’ असे नाव देऊन दोनशे पाने एका फाइलमध्ये कोंबली होती, आणि त्यातले एक पान शोधायला मला वही चाळण्यापेक्षा जास्त वेळ लागला. प्रकरणागणिक वेगळी फाइल केल्यावर ती वापरण्याजोगी झाली.

अ‍ॅप कोणते घ्यावे हे मी सांगणार नाही. आयफोनच्या नोट्समध्ये २०१७ पासून स्कॅनची सोय आहे, आणि इतरही अनेक अ‍ॅपमध्ये ती आज मिळते. निवडताना पाहायचे ते हे की अ‍ॅपमधून सर्व काही बाहेर काढता येते का आणि कोणत्या स्वरूपात. कपाट आपले असते, अ‍ॅप आपले नसते. एव्हरनोट हे या क्षेत्रातले जुने आणि मोठे नाव, २००८ पासून लोक त्यात कागद साठवत आले. डिसेंबर २०२३ पासून त्यांच्या मोफत खात्याला ५० नोट्स आणि १ नोटबुक (नोट्स एकत्र ठेवण्याचा कप्पा) अशी मर्यादा लागू झाली. आधीच्या नोट्स काढून घेतल्या नाहीत, हे नमूद केले पाहिजे. पण ज्यांची रोजची सवय त्या अ‍ॅपवर उभी होती त्यांना एकतर पैसे भरणे किंवा बिऱ्हाड हलवणे भाग पडले. बिऱ्हाड हलवायची वेळ येण्याआधीच एकदा दहा-वीस नोट्स बाहेर काढून पाहाव्यात. प्रतिमा मूळ आकारात येतात का, टाइप केलेली ओळ त्यांच्यासोबत येते का, मराठी शीर्षके शाबूत राहतात की त्यांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात, हे अर्ध्या तासात समजते. पीडीएफ हे स्वरूप २००८ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि ते उघडण्यासाठी कोणा एका कंपनीची गरज लागत नाही, म्हणून महत्त्वाच्या कागदांची पीडीएफ प्रत अ‍ॅपच्या बाहेर, वेगळ्या ठिकाणी ठेवावी. अ‍ॅप आणि क्लाउड (अ‍ॅपची इंटरनेटवरची साठवण) मिळून एकच प्रत होते, दोन नव्हे, कारण चुकून नोट पुसली की ती दोन्हीकडून जाते.

ओळखपत्रे, वैद्यकीय अहवाल आणि बँकेचे कागद इतर नोट्समध्ये मोकळे ठेवू नयेत. ज्या अ‍ॅपमध्ये नोट कुलूपबंद करण्याची सोय आहे तिथे ती वापरावी, आणि कोणाला कागद पाठवायचा असेल तर संपूर्ण नोटबुकची लिंक न देता त्या एका पानाची प्रत पाठवावी. हे सर्वांना माहीत असते, तरी घाईत विसरले जाते.

कोणते कागद आधी स्कॅन करावेत, याबद्दल मात्र माझे मत ठाम आहे. मृत्युपत्र, मालमत्तेचे दस्त, सही-शिक्क्याची प्रमाणपत्रे यांची मूळ प्रत स्कॅन झाल्यावरही जपायचीच असते, कारण तिथे स्कॅन ही सोयीची प्रत असते, मूळाची बदली नव्हे. त्यामुळे त्यांची घाई नाही. घाई आहे ती गुळगुळीत कागदावरच्या पावत्यांची. त्या कागदावर शाई नसते, उष्णतेने काळा पडणारा लेप असतो, आणि ऊन, उष्णता, तेलकट बोटे किंवा प्लास्टिकचे पाकीट यांनी त्यावरची अक्षरे काही महिन्यांत उडून जातात. हमीच्या मुदतीत वस्तू बिघडते आणि पावती शोधून काढावी तर हातात पांढरी पट्टी येते, हा अनुभव अनेकांनी घेतला असेल. तशी पावती हातात पडेल त्याच दिवशी स्कॅन करावी. त्यानंतर पेन्सिलीने लिहिलेले आणि ज्याची दुसरी प्रत जगात कुठेच नाही असे कागद घ्यावेत, आणि ते सावकाश घ्यावेत. छापील पुस्तिका, माहितीपत्रके, कात्रणे यांचा क्रम शेवटचा. माझा क्रम याच्या नेमका उलटा होता, कारण छापील कागद भराभर उरकतात आणि उरकल्याचे समाधान देतात.

ही अ‍ॅप घडवणाऱ्यांकडे माझी एक मागणी आहे. फिल्टर लावलेल्या प्रतीबरोबर कॅमेऱ्याने टिपलेले मूळ छायाचित्र आपोआप जतन व्हावे, आणि वापरणाऱ्याने ते स्वतःहून पुसेपर्यंत राहावे. आज काही अ‍ॅपमध्ये ही सोय आहे, पण ती सेटिंग्जच्या तळाशी असते आणि ज्या वापरणाऱ्याला तिची गरज आहे त्याला नुकसान होईपर्यंत ती ठाऊक नसते. दुसरी विनंती आपल्या वृत्तपत्राला. तंत्रज्ञानाच्या पानावर अशा अ‍ॅपची ओळख करून दिली जाते तेव्हा वेग, रूप आणि मोफत मिळणारी जागा यांची माहिती येते. त्याबरोबर मराठीत हाताने लिहिलेले एक पान आणि छापलेले एक पान त्या अ‍ॅपमध्ये घालून काय वाचता आले, कोणता शब्द सापडला, पेन्सिलीची ओळ राहिली की गेली, एवढेही छापले तर ते वाचकांच्या फार उपयोगी पडेल. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, दोन पाने आणि एक तास पुरतो.

माझ्याकडे तीन वह्या उरल्या आहेत, त्या दोन दुपारींत उरकल्या नाहीत म्हणून उरलेल्या. त्या मी आता रोज दहा पाने अशा गतीने, रंगीत आणि फिल्टरशिवाय स्कॅन करत आहे. प्रत्येक पान स्क्रीनवर मोठे करून समासापासून सुरुवात करून वाचते आणि समासातली नोंद खाली टाइप करते. काल प्रकाशाच्या अपवर्तनाचे पान होते. त्यावर पेन्सिलीने लिहिले आहे, ‘काचेची वडी आधी मुलांच्या हातात द्यावी, नियम नंतर सांगावा.’ पाण्याच्या टाक्यांची नोंद मला आठवली तशी लिहून त्या नव्या शिक्षिकेला पाठवली आहे. त्या प्रकरणाच्या समासात आणखी सात-आठ नोंदी होत्या, त्या मला आठवत नाहीत.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका